देवजींसाठी वाढलेलं पान

३१ ऑगस्ट
बोनकोड्यात खोली मिळाली. लहान आहे, पण खिडकीतून पिंपळ दिसतो, आणि वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटातलं काट्यावरचं काम इथून जवळ. घरमालकीण विमलबाई सत्तरीच्या. मुलगा दिपेश नेरूळला असतो. आज गौरी आल्या, म्हणून त्यांनी पहिल्याच दिवशी मला भाजी-भाकरी खायला बसवलं.

त्यांच्या ओटीवर घरातल्या जुन्या पुरुषांचे फोटो आहेत. एकेक देखणा. एक तालमीतला, दंड ताणून उभा. एकाचा कोट बहुधा उसना, बाह्या आखूड पडल्यात. नजर मात्र राजाची. मधोमध विमलबाईंच्या सासऱ्यांचे धाकटे भाऊ, देवजी. खुर्चीच्या पाठीवर हात टेकून उभे, बोटात अंगठी, मिशीखाली हसू दाबलेलं. स्टुडिओवाल्याने गालांवर गुलाबी रंग भरलाय. त्या वेळची माणसं फोटोसाठी श्वास रोखून उभी राहत. यांनी तो अजून सोडलेला नाही.

पुरुषाचं रूप इतका वेळ पाहत राहावं का, असं मनात आलं. पण देवापुढेही आपण रूपच तर पाहतो.

८ सप्टेंबर
कामावरून आलो की देवजींची काच पुसतो. बरोबरीचं कुणी घरात असल्यासारखं वाटतं. पन्नाशी आली, लग्न झालं नाही. माझी म्हणावीत अशी माणसं दोनच, साताऱ्याकडे: बहीण शकुबाई आणि भाची राजेश्वरी. नोव्हेंबरात राजेश्वरीचं लग्न. मामा म्हणून तिला मंडपात मीच आणायचं.

सगळ्या फोटोंना हार आहे, देवजींना नाही. विचारलं तर विमलबाई म्हणाल्या, "तो गेला नाय, भाऊ. सासू सांगायची, येनार हाय. त्याचं पान कोनी वाढायचं नाय."

२१ सप्टेंबर
सर्वपित्री. विमलबाईंनी सगळ्यांची पानं वाढली, त्यांचं नाही. ज्यांची तिथी ठाऊक नाही त्यांचाच तर हा दिवस. उद्या मला तरी कोण वाढणार? राहवलं नाही. मागच्या भिंतीवर वरण-भात, वडा ठेवला.

कावळे येऊन बसले, पण शिवेनात. इच्छा राहिली की असंच होतं. ती पुरी करायचं कबूल करावं लागतं. आठवण ठेवीन म्हणालो. रोज दिवा लावीन म्हणालो. जागचे हलले नाहीत. शेवटी हात जोडून म्हणालो, आजपासून माझी माणसं ती तुमची.

लगेच एक कावळा शिवला. फार बरं वाटलं.

१९ ऑक्टोबर
डावा खांदा जड झालाय. पोत्यांना हात लावला असेल.

काच पुसताना पाहिलं, खुर्चीच्या पाठीवर हात नाही. बाजूला सोडलेला आहे. आधी मीच नीट पाहिलं नसेल.

२ नोव्हेंबर
राजेश्वरीने व्हिडिओ कॉल केला. शालू दाखवता दाखवता थांबली. म्हणाली, "मामा, मागं कोण उभं हाय? लई देखणं हाय की. मी हसले तर तेबी हसलं."

मागे भिंत होती.

३ नोव्हेंबर
विमलबाईंना पानाचं सांगितलं. तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं. देवजींचा तो फोटो लग्नासाठी काढलेला. अंगाला हळद लागली, खाडीवर जाऊन येतो म्हणाले, ते आलेच नाहीत. नवरी मंडपात बसून राहिली.

कबूल काय केलंत, एवढंच त्यांनी विचारलं.

१० नोव्हेंबर
पुन्हा पान वाढलं. शब्द मागे घेतो म्हणालो.

एकही कावळा फिरकला नाही.

१८ नोव्हेंबर
लग्न पुढे ढकल, असं शकूला सांगितलं. ती चिडली, पत्रिका देवापुढे ठेवून झाली, आता कसलं ढकलतोस. मग मी येत नाही म्हणालो. मी इथे राहिलो तर देवजीही इथेच राहतील.

शकू रडली. "पोरीला मंडपात कोण आणंल, दादा?"

२३ नोव्हेंबर, सकाळ
दार लावून बसलोय. नाम घेतोय. खांदा जड आहे. असू दे. जड आहे तोवर पोर—

दुपार
खांदा हलका झाला.

ओटीवर धावलो. चौकटीत नुसती खुर्ची.

शकू फोन उचलत नाही— मुहूर्त होऊन गेला—

मोबाइलवर फोटो आलाय. अक्षता पडल्यात. राजेश्वरी हसतेय. शेजारी नवरदेव. मुंडावळ्यांआड गाल गुलाबी, रंग भरल्यासारखे— ती मिशी— आणि तिच्या खांद्यावर अंगठीचा तो हात—