रजतची सर्दी

जाम, ता. समुद्रपूर
गुरुवार, ६ नोव्हेंबर २०२५

सौ. रुख्माबाई विहीणबाई यांना जामच्या अंजूचा नमस्कार.

आम्ही सारे बरे आहोत. तुम्हीही बऱ्या असाल, कालच तर फोनवर बोललो. मग आता पत्र काऊन, असं म्हणाल. तर फोनवर तुम्ही बोलता अन मी नुसती हो हो करते. त्यात तुमचा फोन सदा स्पीकरवर, अंगणातल्या बाया ऐकत राह्यतात. तुम्ही सातवी शिकलेल्या, मी चौथी. चुका निघतील त्या काढजा, पण पत्र एकटीनं वाचजा.

हॉटेल चालू आहे. कापूस वेचाले जाणाऱ्या बाया सकाळी चहाले थांबतात, रस्त्यावरच्या गाड्या तर दिवसभर. आमच्या ह्यांचा गुडघा तसाच. भाऊबीजेले आकांक्षा माहेरी आली, तिच्यासंगं धाडलेला तुमचा चिवडा संपला. तिखट लय होता, पण संपला. आकांक्षा मले आलुबोंड्याचं बेसन कालवून देते. रजत बाकड्याखाली बसून राह्यतो, ट्रक आला की आजी मोठ्ठा, आजी मोठ्ठा. नातवाच्या पायानं घर कसं भरते ते तुम्हाले काय सांगू, तुमच्याजवळ तर तो रोजच आहे.

त्याच्या सर्दीचं लिहाचं होतं.

परवा तुम्ही म्हटलं, "पाह्यलं का विहीणबाई, माह्या औषधाच्या बाटलीनं दोन दिवसात पोट्टा उभा केला." मी हो म्हटलं. काल म्हटलं, मेडिकलवाल्याकडून हिवाळ्यासाठी अजून बाटल्या आणून ठेवल्या, अन शेजारच्या मेघाच्या पोरीलेही रजतचं सांगून एक देऊन टाकली. तेव्हाही माह्या तोंडातून होच निघालं. फोन ठेवला अन कढईतले बोंडे जळून गेले, गिऱ्हाईक ओरडलं तेव्हा ध्यानात आलं.

रजतले ती बाटली मी दिली नाई. एक चमचाही नाई. अन तो दोन दिवसात बरा झाला नाई, आठवडा उलटून गेला तरी नाक गळतच होतं. तुमचे घडीघडी फोन येत होते म्हणून मी दोन दिवसात बरा झाला असं सांगून मोकळी झाली.

झालं असं. इथं आल्यावर त्याचं नाक गळाले लागलं, अंग जरा गरम लागलं. आकांक्षानं पिशवीतून तुम्ही दिलेली बाटली काढली. पाणी उकळून थंड केलं, पण त्या भुकटीत काही टाकेना. गिलास घेऊन नुसती उभी. मी म्हटलं, काय झालं? म्हणे, "आई, हे दर महिन्याले होते. शिंक आली की बाटली. बाटली दिली की हगवण. दोन दिवसांनी बंद, उरलेली फ्रिजात, अन पुढच्या शिंकेले तीच."

"मग नाई काऊन म्हणत नाई?"

"कोणाले म्हणू?"

मी तिच्या हातातला गिलास खाली ठेवला अन रजतले सदरा चढवला.

एसटीनं वर्ध्याले सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईनं छाती ऐकली, कान पाह्यले, घसा पाह्यला. म्हणे, ही साधी सर्दी आहे, या अँटिबायोटिक औषधानं ती जात नाई, आपल्या वेळेनं जाईल. अन असं उगाच देत राह्यलं तर खरी गरज पडेल त्या दिवशी हे औषध चालणार नाई. श्वास जोरात चालला, बरगड्या आत ओढाले लागल्या, पाणी पिणं सोडलं, तर तसंच घेऊन या, थांबू नका.

खोटं काऊन लिहू, मलेही भीती वाटली. घडीघडी त्याचा सदरा वर करून बरगड्या पाहत होती. बाटली दोनदा हातात घेतली अन दोनदा ठेवून दिली.

तुमचा मोठा पोरगा, जावई पियुषच्या आधीचा, छातीत कफ होऊन गेला. सोयरीक जुळली तेव्हा तुम्हीच मले चुलीपाशी बसून सांगितलं होतं, अन डोळे पुसून लगेच पुऱ्या लाटाले घेतल्या होत्या. त्या लेकराले औषध पाह्यजे होतं अन भेटलं नाई. रजतले नको होतं अन भेटत राह्यलं. कोणाले लागते, कोणाले नाई, हे घरात बसून तुम्हाले कळत नाई अन मलेही कळत नाई. ज्याले कळते त्याच्याकडे न्या, एवढंच माह्यं म्हणणं. त्यानं तपासून लिहून दिली तर बाटली पूर्ण पाजा, मी चकार शब्द काढणार नाई. पण मेडिकलवाला काही पोट्ट्याची छाती पाहत नाई.

हे मी तेव्हाच सांगाले पाह्यजे होतं. आमचे हे म्हणाले, पोरगी त्यांच्या घरात आहे, तोंड आवर. आकांक्षा म्हणाली, "आई, तू काही बोलू नको. मले तिथंच राह्यचं आहे." म्हणून मी हो हो करत राह्यली, अन माह्या त्या खोट्या होवर तुमचा भरवसा पक्का झाला. आता बोलली तर पोरीले ऐकावं लागते, नाई बोलली तर नातवाले प्यावं लागते. कुठूनही वाट नाई.

मेघाले तेवढं सांगजा, तिच्या पोरीले डॉक्टरले दाखवल्याशिवाय देऊ नको. माह्यं नाव घेऊन सांगा, चालते. म्हणा, जामची विहीण खोटं बोलली.

रविवारी पियुष घ्याले येईल अन आकांक्षा जाईल. मी थांबवणार नाई, थांबवून कुठवर थांबवू. या पत्राचं तिले माहीत नाई. ती मागं रजतचे कपडे धुऊन राह्यली. ती दारात येईल तेव्हा तिच्यावर काही काढू नका. जे म्हणाचं ते मले म्हणा, भांडाले तुमच्याकडे पुलगावले बोलवा, येईन.

जिची पोरगी तुमच्या हातात आहे,
ती अंजू