देवगाव फाट्यावरची जीप

सोनपेठ, मंगळवार सकाळ

ख्रिस्तात वडील भावासारखे असलेले नागनाथराव यांस, तुमचा भाऊ म्हणवून घ्यायला ज्याची जीभ आता चाचरते, त्या बन्सीधरचा मनापासून सलाम.

सलाईन निघालं का, भाकरी जायलीय का, उठून चालताना झोक जातो का, हे सगळं सरजावहिनींनी कळवावं. (कळवावं म्हणजे तुमच्या राजेश्रीवैनींच्या फोनवर. माझ्या नको. माझा फोन वाजला की मी तो उशीखाली दाबून धरतो.) आमच्याकडं सगळं ठीक. राजेश्रीचा गुडघा ठीक, शेळी ठीक, मी सोडून सगळं ठीक. मला दहा दिवसांपासून अन्न गोड लागंना. तुमी दवाखान्यात पडलेले अन् मी तुमच्याला माझीच तब्येत सांगायलो, हे काही बरं दिसत नाही. पण जे सांगायचंय तिथं पोचायला कुठून तरी निघणं भाग आहे, अन् तब्येतीवरून निघालं की माणसाला जरा धीर येतो.

आमच्या घरातलं ते लाकडी कपाट तुमच्या पाहण्यात आहे. त्याच्या दाराला आतून आमच्या वडिलांच्या हातचा एक कागद डकवलेला होता. त्यावर अठरा नियम. रविवारी चुलीवर नवं काही शिजवू नये, सिनेमा बघू नये, पत्ते कुटू नयेत, दुसऱ्याच्या देवाचा प्रसाद तोंडात घालू नये, असे. एकोणिसावा मी वाढवला, सभेत फोन बंद ठेवावा. (वडिलांच्या काळी फोन नव्हते, नाहीतर त्यांनीच लिहिला असता.) रोज सदरा काढायला कपाट उघडायचं, कागदावरून बोट फिरवायचं अन् एकोणीसपैकी एकोणीस पाळले म्हणून समाधानानं एसटी स्टँडवर कंट्रोलरच्या खुर्चीत जाऊन बसायचं. शाळेत मला पैकीच्या पैकी कधी मिळाले नाहीत, त्याची भरपाई मी देवाकडून करून घ्यायलो होतो. अन् तुमी असे, की शेजाऱ्याच्या हळदीला जाणार, अंगभर पिवळे होऊन उपासनेला येणार, प्रार्थना लांबली तर डुलक्या घेणार, अन् तरी तोंडावर उजेड. आमी मंडळीत तिसऱ्या पिढीचे, तुमी येऊन बारा वर्षं झालेली. एसटीत सेवाज्येष्ठता बघतात. देवाच्या दारात बघत नाहीत, हे मला लय वर्षं खटकायलं होतं.

मग मागच्या महिन्यात नव्या पाळकसाहेबांनी तो उपदेश केला. तुमी पुढच्या बाकावर मान डोलवायलात, मी खांबाच्या मागं होतो. ते म्हणाले, नियम पाळून आजवर कोणी देवाचं लेकरू झालेलं नाही. ख्रिस्तानं आपल्याला त्या जोखडातून सोडवलं. अन् सोडवलं ते मन मानेल तसं वागायला नाही, प्रेम करायला. सगळी मंडळी आमेन म्हणायली अन् मी खांब धरून बसलो. चौतीस वर्षं पास दाखवून गाडीत बसलेल्या माणसाला कोणी सांगावं की बाबा, या गाडीला पास लागतच नव्हता, तसं झालं. उपासना सुटल्यावर मी त्यांना दारातच गाठलं. मग नियमांचं काय करायचं, म्हणून विचारलं. ते म्हणाले, "भाऊ, नियम काही वाईट नाहीत. पण तुमी त्यांच्या आडोशाला लपायलात का, एवढं बघा." मी घरी आलो अन् कागद काढून गादीखाली सारला.

त्याच दुपारी राजेश्रीला म्हटलं, भजी तळ. तिनं माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला अन् तळली. मी अंगणात बसून एकेक भजं खायचो अन् वर बघायचो. काही झालं नाही. काहीच होत नाही म्हटल्यावर मला जास्त भीती वाटायली. वर कोणी काठी घेऊन उभं नसेल तर मला आवरणार कोण, अन् मी आतून नेमका कसा आहे, हे मला ठाऊकच नव्हतं. साठ वर्षांत त्या माणसाशी माझी ओळखच झाली नव्हती. ती झाली, अन् तुमच्यामुळं झाली.

देवगाव फाट्याच्या आतल्या गावाला सभा ठरली अन् पाळकसाहेबांनी पहिलं गीत तुमच्याला दिलं. बावीस वर्षं ते मी म्हणायलो होतो. मी तुमचा हात हातात घेऊन म्हटलं, लय आनंद झाला. मग आपल्या उपासना मंदिराच्या मागं जाऊन भिंतीला टेकून बसलो. तुमचा आवाज लागला की बाया डोळे पुसतात, माझा लागला की घड्याळ बघतात. हे मला कोणी बोललं नव्हतं, मला दिसायचं. एकोणीस नियमांत याच्यावर एकही नियम नव्हता.

शुक्रवारी संध्याकाळी तुमी आमच्या अंगणात आलात. रात्री लेकीकडं सेलूला मुक्काम करून तुमी तिथून परस्पर फाट्यावर येणार होतात. तुमी विचारलं, "बन्सीधरराव, उद्या फाट्यावरनं सभेची जीप कवा निघती?"

जीप नऊला निघणार होती. ती मीच ठरवली होती. त्यानंतर आत जायला दुसरं वाहन नाही, हेही मला पाठ होतं. मी म्हटलं, दहाच्या पुढं, सावकाश या. (तोंडून चुकून गेलं असं मी पाळकसाहेबांना सांगणार होतो. मनात घोळवून पाठही केलं होतं. ते खरं नाही. तुमी विचारल्यापासून मी बोलेपर्यंत एक कोंबडी सगळं अंगण ओलांडून गेली, एवढा विचार करून मी दहा म्हटलं.) मला वाटलं, तुमी थोडा वेळ थांबाल, कंटाळाल, लेकीकडं परत जाल. तुमी काय म्हणालात ते तुमच्या ध्यानात नसेल. तुमी म्हणालात, "तुमी सांगितलं म्हंजे घड्याळ बघायचं काम न्हाई." एसटीच्या स्टँडवर चौतीस वर्षं मी गाड्यांच्या वेळा सांगितल्या नागनाथराव. म्हातारी असो की कलेक्टर, कोणाला पाच मिनिटांनी फसवलं नाही. पहिली खोटी वेळ सांगितली ती तुमच्याला.

शनिवारी नऊला ड्रायव्हरनं विचारलं, कोणी राहिलं का. मी खिडकीतून बाभळीकडं बघत बसलो. सभेत पोचल्यावर फोन बंद केला, नियम म्हणून. पाळकसाहेब म्हणाले, नागनाथराव दिसंनात, तर मी म्हटलं, आले नसतील. मग गीत मी म्हटलं. दुसऱ्या कडव्यालाच आवाज फाटला अन् पुढचं बायांनी कसंबसं ओढून नेलं.

चार वाजता जीप फाट्यावर परत आली तेव्हा तिथले हॉटेलवाले कल्याणराव हात करून रस्त्यात उभे. कपाळाला भस्माचे तीन पट्टे, अंगावरचा सदरा ओला. "तुमच्यातलं एक माणूस दुपारी हितं उन्हात पडलं," म्हणाले. दहापासून एकपर्यंत तुमी डांबरी सडकेच्या कडेला उभे होतात म्हणे. ते सावलीला बोलवायले तर तुमी म्हणालात, आत बसलो अन् जीप निघून गेली म्हंजे? आमच्या कंट्रोलर साहेबांनी वेळ दिलीय, ती येणारच. मग पडलात. त्यांनी उपरणं भिजवून तुमच्या डोक्याला गुंडाळलं, हॉटेल तसंच उघडं टाकलं, गाडी करून तुमच्याला सेलूला नेलं अन् तिथून परभणीला पाठवून परत आले. त्यांनी विचारलं, "यांला वेळ कोणी सांगितली व्हती?" अन् मी, नागनाथराव, मी म्हटलं, हल्ली गाड्यांच्या वेळांचा काही भरवसा राहिला नाही.

फोन चालू केला तर तुमचे नऊ मिसकॉल.

वाटेत लुटलेल्या अन् रस्त्यात टाकलेल्या माणसाची बायबलातली ती गोष्ट मी रविवारच्या शाळेत पोरांना कितीदा सांगितली असेल. त्याला उचललं परक्या लोकांतल्या एकानं, अन् जवळून निघून गेलेल्या धार्मिक माणसांवर मी लय तोंडसुख घ्यायचो. कल्याणरावांच्या हॉटेलात मी आजवर पाणीसुद्धा पिलो नव्हतो, कारण तिथं गणपतीपुढं उदबत्ती असते. आता त्या गोष्टीत मी कोण, हे कळायला मला कोण्या पाळकाची गरज राहिली नाही. निघून जाणारासुद्धा नाही. ज्यांनी त्याला रस्त्यात पाडलं, त्यांच्यातला मी.

तेव्हापासूनचे दिवस कसे काढले ते काय सांगू. कोणी दार वाजवलं की मला वाटायचं, तुमी गेल्याचा निरोप आला. सोमवारी धीर करून परभणीला गेलो. दवाखान्याची पाटी दिसली अन् पाय आपोआप स्टेशनकडं वळले. समोर उभ्या असलेल्या पॅसेंजरमध्ये चढलो, पिंगळीला उतरलो अन् फलाटावर एक लिंबू सोडा घेऊन तीन तास बसलो. पिंगळीत माझ्या ओळखीचं कोणीही नाही. बुधवारी पाळकसाहेबांकडं गेलो. म्हटलं, माझ्या हातून पाप घडलंय. त्यांनी दार लोटलं, खुर्ची दिली. अन् मी रविवारी भजी खाल्ल्याचं कबूल केलं.

"कशाची व्हती?" त्यांनी विचारलं.

"मिरचीची."

"अजून काही?"

"न्हाई."

त्यांनी माझ्यासोबत भज्यांसाठी प्रार्थना केली.

घरी येऊन मी गादीखालचा कागद काढला, परत कपाटाला डकवला अन् खाली विसावा नियम लिहिला, गाडीची वेळ खरी सांगावी. तेवढ्यात राजेश्री मागं येऊन उभी राहिली. तिनं तो वाचला. विचारलं, "कोणाला खोटी सांगितली?" मी म्हटलं, असंच लिहिलंय. ती म्हणाली, "असंच असलं तर एकविसावा कोणता, बाविसावा कोणता, आताच लिवून ठिवा. कपाट पुरायचं न्हाई." अन् ती शेळीला पाला टाकायला निघून गेली.

मी कागदासमोर उभा राहून त्या शनिवारचे नियम बोटावर घेतले. पत्ते नाहीत, सिनेमा नाही, प्रसाद नाही, फोन बंद. एकोणीसच्या एकोणीस पाळले होते, अन् एक माणूस मरता मरता राहिला. मी उगाच त्या मोकळीकीला घाबरायलो होतो. मला वाटलं, कागद काढला म्हणून पाप आत शिरलं. ते कागदाच्या आधीपासून घरातच होतं, चांगला धुतलेला सदरा घालून. चांगलं करायचं ठरवावं अन् हातून उलटंच घडावं, हे एका थोर प्रेषितानंही स्वतःबद्दल कबूल केलंय. ते वाचून मला आधी बरं वाटायचं, पण आता वाटंना. (त्यानं माझ्याहून वाईट केलं होतं, विश्वासणाऱ्यांचा छळ केला होता, हे खरं, पण विश्वास धरायच्या आधी. मी विश्वास धरून तीन पिढ्या झाल्यावर केलं.) कागद मी काल चुलीत घातला. त्यानं सुटल्यासारखं वाटलं नाही. उघड्यावर उभं राहिल्यासारखं वाटलं, अन् अजून वाटायलंय. आता लपायला काही नाही म्हणून हे पत्र.

मी तुमच्याला जाणूनबुजून खोटी वेळ सांगितली. मला माफ करा. एवढी दोन वाक्यं लिहायला मला तीन पानं लागली.

सरजावहिनींना सलाम. तुमच्या लेकीला सलाम सांगायची माझी छाती होत नाही.

तुमचा,
बन्सीधर

ता. क. – पाळकसाहेबांना अन् मंडळीला मी रविवारी स्वतः सांगणार आहे. तोवर तुमी कोणाजवळ बोलू नये, ही नम्र विनंती. एवढ्या विनंतीसाठी मी हे सगळं लिहिलं असं समजू नका. (लिहायला बसलो ते त्यासाठीच. मधे भरकटून खरं लिहून बसलो.)

ता. क. दुसरा – वरची विनंती रद्द समजावी. पत्र पाकिटात घालण्याआधी राजेश्रीनं वाचलं. ती म्हणाली, हे सगळं नागनाथभाऊंना पहिल्यापासून ठाऊक आहे. कल्याणरावांनी सेलूला नेताना वाटेत, जीप नऊलाच गेल्याचं तुमच्याला सांगितलं होतं, अन् तुमी रविवारीच खाटेवरून तिला फोन केला होतात. "वैनी, बन्सीधररावांनी मुद्दाम केलं आसंल, त्यांची वेळ चुकत न्हाई. तुमी त्यांला बोलू नका. जेवायलेत का न्हाई, तेवढं बघा," असं म्हणालात म्हणे. हे तिनं नऊ दिवस पोटात ठेवलं. मी मागायच्या आधीच तुमी मला माफ करून मोकळे झालात, याच्यामुळं मला तुमचा लय राग आला. चांगला पाऊण तास होता. मला वाटलं होतं, माफी मागण्यात तरी मी तुमच्या पुढं राहीन. बघा, माझं असं आहे. पत्र लिहून बरा झालो असं समजू नका.

ता. क. तिसरा – हे परभणीहून, गुडघ्यावर कागद ठेवून लिहायलो, अक्षर वाकडं आहे. पत्र टपालात टाकायचं राजेश्रीनं ऐकलं नाही. आमी तुमच्या वॉर्डाच्या बाहेर बाकड्यावर बसलो आहोत. हे पत्र एका नर्सबाईंच्या हाती आत पाठवायलो. दारातून तुमच्या खाटेचा पायथा दिसतो, तुमचे पाय दिसतात. मला लय भीती वाटायलीय, तरी आज मी स्टेशनकडं गेलो नाही. तुमी वाचून होईपर्यंत इथंच बसतो. वाचलं की मला आत बोलवा.