अर्धी टेबलावर, अर्धी चौकटीवर

प्रिय भिंगरी,

दुपारी डोळा लागता लागता मला हल्ली तुझं मशीन ऐकू येतं. उठून बघते तर पडदा हलत असतो आणि मशीन गप्प. तुझे यजमान वारले आणि तू लेकीकडे निघून गेलीस, ती आपली निळी गोधडी सुईखाली तशीच सोडून. तिकडे तू सुईला हातही लावत नाहीस, असं लेक फोनवर सांगते. ऐकून जीव तुटतो गं.

काल मी गोधड्यांच्या प्रदर्शनाच्या कचेरीत स्पर्धेसाठी आपलं नाव द्यायला गेले होते. तिथल्या बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, गोधडी कुठल्या मशीनवर शिवली? त्यांच्याकडे मशीनप्रमाणे गट असतात. टेबलावरच्या मशीनचा एक, म्हणजे सुई जागेवर आणि कापड आपण फिरवायचं. चौकटीवरच्या मशीनचा दुसरा, कापड ताणून बांधलेलं आणि मशीनच वरून फिरवायचं. कॉम्प्युटर आपला आपण नक्षी काढतो, त्याचा तिसरा. मी म्हटलं, अर्धी टेबलावर, अर्धी चौकटीवर. बाई अशा बघायला लागल्या, जणू मी अर्धं मांजर आणि अर्धं कुत्रं घेऊन आलेय!

मला मात्र तू दिसायला लागलीस. अख्खी गोधडी मांडीवर घेऊन, गुणगुणत, ती सुईखाली गोल गोल फिरवणारी. तुझ्या टाक्यांच्या लाटा कुठून निघतील आणि कुठे जातील, तुलाही ठाऊक नसायचं. उरलेली अर्धी मी माझ्या चौकटीवर शिवली. माझ्या लाटा म्हणजे शाळेत रांगेने उभ्या केलेल्या पोरी. तुझा एकही टाका उसवला नाही. पण तुझ्या लाटा संपतात आणि माझ्या सुरू होतात, तिथे वीतभर पट्टा कोराच राहिलाय. तिथे मशीन नेलं की माझा हात थांबतो.

बाई भल्या आहेत. म्हणाल्या, दोघींनी मिळून केलेल्या गोधड्यांचा वेगळा गट आहे, तिथे मशीन कुठलंही चालतं. फक्त गोधडी पूर्ण हवी आणि दोघींनी मिळून आणून द्यायला हवी. बहीण कुठे आहे, असं त्यांनी विचारलं, आणि मी पटकन सांगून बसले की ती घरीच आहे, राहिलेला पट्टा शिवतेय. बक्षीस गेलं खड्ड्यात. तुझ्या मशीनला तेल घातलंय, खुर्चीवर उशी ठेवलीय. ये, आणि मला खोटं पाडू नकोस.

वाट बघणारी तुझीच,
ताई