खाडीच्या खेळाची दुसरी प्रत

मॅडम, तुमचा खेळ सापडला. आधी एवढंच लिहून टाकते, कारण बाकीचं सांगायला मला वेळ लागणार आहे आणि तुम्हाला पाल्हाळ कधीच आवडलं नाही. तुम्ही गेलात तेव्हा पनवेलच्या कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात फ्लॉपी मिळायची. आता कॉलेजची मुलं ती हातात घेऊन उलटीसुलटी करतात आणि मला विचारतात, हे काय आहे.

मी सध्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात असते आणि तिथे पुस्तकं नाही, जुने व्हिडिओ गेम सांभाळते. हसू नका. संगणक विभागातल्या एका प्राध्यापकांनी घरातले टीव्ही गेम, कॅसेटी, रिमोट असं भलंमोठं खोकं आणून दिलं, आणि ग्रंथपालांनी ते माझ्या गळ्यात मारलं. "तुम्ही कॉम्प्युटर शिकलायत ना, मग बघा आता." कॅसेटीच्या तोंडाशी असलेल्या धातूच्या पट्ट्या खोडरबराने हळूच घासायच्या, कोणी सवयीने फुंकर मारायला गेलं की ओरडायचं, फ्लॉपीत जे असेल ते नव्या डिस्कवर उतरवून घ्यायचं, असं माझं काम. मी ते हौसेने करते असं सगळ्यांना वाटतं. खरं कारण असं की तुमच्या खेळाची एकुलती एक प्रत माझ्याकडे होती आणि ती मी घालवली.

तुम्ही तो खेळ स्वयंपाकघरात लिहिलात. खाली फरसाणवाला, वर क्लास, आणि क्लासच्या मागे तुमचं स्वयंपाकघर. शनिवारी तुमचा शब्बाथचा विसावा, क्लास बंद, म्हणून आम्ही रविवारी यायचो. जेवणाच्या टेबलावर तुमचा कॉम्प्युटर, त्याला टेकून मिठाची बरणी, आणि तुम्ही एका हाताने कुकरखालचा गॅस बारीक करत दुसऱ्या हाताने टाइप करताय. पडद्यावर अक्षरं जोडून केलेली एक होडी. खडक आणि जाळी चुकवत तिने मासळीचा लिलाव सुरू व्हायच्या आत करंजा बंदर गाठायचं. आपटली, की इंग्रजी अक्षरांत मराठी उमटायचं: 'लिलाव संपला. उद्या या.' तुम्ही स्वतः होडीत कधी पाय ठेवला नव्हता. ते गव्हाणहून येणाऱ्या त्या मुलीने दोन मिनिटांत ओळखलं.

"मॅडम, ओहोटीला होडी अशी सरळ येत नाय. पानी भायेर ओढतं. माजा मामा हाय ना करंज्याला, तो पानी चढंपर्यंत थांबतो."

आम्हाला वाटलं, आता हिची काही खैर नाही. तुम्ही मात्र चष्मा पुसलात, तिला शेजारी खुर्ची दिलीत आणि म्हणालात, "पाणी कसं ओढतं ते सांग." पुढचे दोन रविवार ती सांगत होती आणि तुम्ही लिहीत होतात. क्लासमधली सगळ्यात हुशार मुलगी मी होते, मॅडम, आणि त्या खुर्चीवर मी नव्हते. माझा नुसता जळफळाट झाला. तिसऱ्या रविवारी ती खेळ स्वतःच्या फ्लॉपीवर उतरवून घेताना मला दिसली, आणि मी येऊन तुमच्या कानात सांगितलं. तुम्ही सगळ्यांसमोर हात पुढे केलात. "मागितली असतीस तर दिली असती. न विचारता घेतली ती चोरी." तिने फ्लॉपी तुमच्या हातावर ठेवली आणि मान खाली घातली. परीक्षा होईपर्यंत ती येत राहिली, पण कोणाशी बोलली नाही. निकालाच्या दिवशी तुम्ही मला पेढा दिलात आणि सोबत खेळाची एक फ्लॉपी. "हार्ड डिस्कचा काही भरवसा नाही. ही तुझ्याकडे असू दे, तू नीट ठेवशील."

कॉलेजच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट द्यायच्या सकाळी माझ्याकडे कोरी फ्लॉपी नव्हती. तुमची पुसली. मनात म्हटलं, मॅडमकडून दुसरी घेऊ. दुसरी घ्यायला जाणं लांबत गेलं आणि मग तुम्हीच हॉस्पिटलमध्ये. तिथे तुम्ही एवढंच विचारलंत, "फ्लॉपी नीट आहे ना गं?" मी म्हटलं, "हो मॅडम." तुम्ही डोळे मिटलेत. तुमची बहीण इस्रायलहून आली, घर आवरलं, मशिन्स भंगारात दिली. मी कळंबोलीला त्या भंगारवाल्याकडे धावत गेले, तर त्याने आदल्याच दिवशी सगळं फोडलं होतं.

आणि गेल्या महिन्यात, 'तुमच्याकडचे जुने गेम ग्रंथालयाला द्या' अशी आमची सूचना वाचून एक बाई आल्या. साडी, खांद्याला पर्स, हातात स्टीलचा डबा. "काय गं, वळखलंस का?" गव्हाणची ती. आता उलव्याच्या शाळेत कॉम्प्युटर शिकवते. डब्यात प्लास्टिकच्या पिशवीत एक फ्लॉपी.

"पण तू तर परत दिली होतीस," मी म्हटलं.

"मॅडमनी एकच मागितली," ती म्हणाली. "दोन काढल्या होत्या."

का काढल्या, असं मी विचारलं. "मामाला दाखवायचं होतं, त्यानी सांगितलेलं पानी कॉम्प्युटरमदी आलं म्हणून. त्याच्याकडं कुठला कॉम्प्युटर? नुस्ती हातात धरून बगितली त्यानी. तवा कोनी विचारलंच नाय." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तू सांगितलंस ते मला तवाच कळलं होतं." एवढं बोलून तिने चहा मागितला.

ही फ्लॉपी इतकी वर्षं त्यांच्या चुलीवरच्या फळीवर होती, कारण घरात कोरडी जागा तेवढीच. आमच्या ग्रंथालयात शुक्रवारी संध्याकाळी एसी बंद करतात तो सोमवारी लावतात, तेवढ्या दमटपणाने निम्म्या फ्लॉप्यांवर पांढरी बुरशी धरली होती. मग चुलीच्या धगीत हिचं काय झालं असेल? मी पत्र्याचं झाकण सरकवून पाहिलं. आतली चकती स्वच्छ. पहिल्यांदा ड्राइव्ह नुसता खरखरला आणि थांबला. मी त्याचं फ्लॉपी वाचणारं हेड स्पिरिटने पुसलं, फ्लॉपी पुन्हा घातली, आणि होडी आली. ओहोटीला मागे ओढली जाणारी. गव्हाणची ती खेळायला बसली, पाणी चढेपर्यंत थांबली आणि होडी बंदराला लागली. मी तीन वेळा आपटले. मॅडम, मी रडले, आणि मग इतकं हलकं वाटलं की त्या दिवशी घरी जाताना मी रिक्षावाल्याशी उगाच गप्पा मारल्या.

आमच्या नियमाप्रमाणे खेळाची प्रत काढण्याआधी निर्मात्याची किंवा वारसाची लेखी परवानगी लागते. तुमच्या बहिणीला पत्र गेलं आहे, उत्तर यायचं आहे. तुमच्या नावाने लिहायला घेतलेलं हे पत्र मात्र टेबलाच्या खणातच राहील. म्हणून इथे कबूल करते: प्रती मी त्याच दुपारी काढल्या, कोणालाही न विचारता. एक ग्रंथालयासाठी, एक गव्हाणसाठी. तिसरी माझ्या पर्समध्ये आहे आणि ती मी परत देणार नाही.