वांग्यावर घातलेला आळ

कोरेगाव, मार्च १९७६

प्रिय डॉक्टरसाहेब धनाजी,

साहेब म्हटलं म्हणून फुगू नकोस. नुसतं नाव घ्यायला जीभ वळेना, एवढंच. मी सांगतेय, मनुबाई मास्तरीण लिहितायत. माझ्या शिव्या त्या गाळतात. त्या तू जागोजागी भरून घे.

विचारलं नाहीस, तरी सांगते. म्हैस व्यायली. माझा उजवा डोळा गेला तो गेलाच. तव्यावर टाकलेली भाकरी चुलीत पडते, कुत्रं खूश आहे. शाळेतल्या तुझ्या डोळ्यांच्या शिबिरात मोतीबिंदू काढायला शेवटच्या आम्ही दोघी, मी आणि शेजारची शालूबाई. तिचाही डोळा गेला. तिसऱ्या दिवशी पट्टी सोडली तर पू. तू म्हणालास, म्हाताऱ्या पथ्य पाळत नाहीत. एवढं बोललास आणि सांगलीची गाडी धरलीस.

शालूबाई मग आठवत बसली, आपण काय खाल्लं. आठवलं ते सुनेनं, जाईबाईनं, डब्यात आणलेलं वांगं. झालं. त्या पोरीला जतला माहेरी हाकललंय, चार महिने झाले. तिचा नवरा गुंडा येत्या रविवारी काडीमोड घेणार आहे. एका वांग्यापायी, रं.

पण त्या दिवशी तू पट्टी पुन्हा बांधलीस ती माझ्या डोळ्यांवर, कानांवर नव्हे. पथ्याचं सांगायच्या आधी तू व्हरांड्यात कंपाउंडरला म्हणालास, रॉकेल संपून स्टोव्ह विझला, शेवटची हत्यारं उकळलीच नाहीत, कुठं बोलू नकोस. तो बोलला नाही. मीही नाही. माझ्या नातवाचा, धनाजीचा हात लय हलका म्हणून गावभर मिरवले होते ना. जाईबाई जाताना पाया पडली, आजी, तुमी तरी सांगा म्हणाली. मी डोळा पुसत बसले, तोही गेलेला.

आता ऐक. रविवारी शालूबाईच्या ओट्यावर मी सकाळपासून बसणार आहे. सांगलीची पहिली गाडी येईपर्यंत वाट बघीन. तू उतरलास तर गुंडापुढं, शालूबाईपुढं तुझ्याच तोंडानं सांग. नाही उतरलास तर मी सांगीन, आणि माझ्या शिव्या गाळणारी मास्तरीण तिथं नसेल. माझ्या डाव्या डोळ्यातही मोतीबिंदू उतरलाय. खरं बोललास तर तोही तुझ्याच हवाली करीन. रॉकेल मात्र मी घेऊन येईन.

तुझीच, रविवारपर्यंत तरी,
हरणाबाई आजी
(अंगठा माझाच आहे)