‘तात्पुरता’ या शब्दाचं वाक्य

ती. मामा यांना,

साष्टांग नमस्कार. तुमची कंबर आता कशी आहे? मामीने कळवलं की करवत चालवताना दुखत नाही, फक्त मामीने पाण्याची बादली उचलायला सांगितली की दुखते. काळजी घ्या.

मी खुशाल आहे. नोकरी अजून आहे. (‘अजून’ हा शब्द विचार करून वापरला आहे.) पोरगी मालकांना उलट बोलली, असं आईने एव्हाना फोनवर सांगितलंच असेल. मी उलट बोललेले नाही. जे बोलले ते सरळ उभं राहून, आवाज न चढवता बोलले. पुढचं वाचून तुम्हीच ठरवा.

धुलाईच्या कारखान्यात मी कपड्यांच्या नोंदी ठेवते, हे तुम्हाला माहीत आहे. (‘घरातली पहिली पदवीधर लोकांच्या चादरी लिहून घेते’, हे आईचं वाक्य. वाक्य म्हणून निर्दोष आहे.) जेवणाच्या सुट्टीतला अर्धा तास मी इस्त्रीच्या खोलीतल्या बायकांना लिहायला-वाचायला शिकवते. परवानगी मालकांनीच दिली, कारण चिठ्ठ्या वाचता न आल्याने हॉस्पिटलच्या चादरी हॉटेलात जात होत्या. रोज पाच नवे शब्द फळ्यावर, प्रत्येकीने एकाचं वाक्य करायचं. पहिला आठवडा ‘सूर्य पूर्वेला उगवतो’ यातच गेला. आता त्या खोलीला खिडकी एकच, तिलाही बाहेरून लाकडी पट्ट्या ठोकलेल्या. तिथून सूर्य कुणालाच दिसत नाही, मग तो कुठे उगवतो हे या कशाच्या जोरावर लिहितात? म्हणून मी नियम केला, की वाक्य स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं हवं आणि खरं हवं.

झालं. मंगळवारी शब्द होते तात्पुरता, अपवाद, संयम, सोय आणि कारण. इस्त्रीवाल्या मोठ्या मावशी उठल्या (त्या काहीही करण्याआधी पदराने कपाळ पुसतात, वाफच तेवढी असते) आणि त्यांनी लिहिलं: खिडकीच्या पट्ट्या तात्पुरत्या आहेत, मी कामाला लागले तेव्हा माझी मुलगी रांगत होती, आता ती नववीत आहे. घडीवालीने लिहिलं: इथल्या सगळ्या खिडक्या बंद असतात, मालकांच्या खोलीतली अपवाद आहे. कोपऱ्यात बसणारी एक फार घाबरट आहे, तिने अगदी बारीक अक्षरात लिहिलं: माझी शेजारीण उकाड्याने चक्कर येऊन इस्त्रीवर पडली, तिचा हात भाजला, तरी मुकादमांनी संयम सोडला नाही. मी सगळ्यांना बरोबरची खूण केली. वाक्यं बरोबर होती, मामा. बरोबर वाक्याला खूण करू नये, असं कोणत्या शाळेत शिकवतात ते मला कळवावं.

बुधवारी मालक आले. फळा दोनदा वाचून म्हणाले, “मॅडम, हे पुसा.” मी म्हटलं, चूक दाखवा, लगेच पुसते, आणि खडू त्यांच्या हातात दिला. ते बराच वेळ चूक शोधत होते. मागून मोठ्या मावशी म्हणाल्या, “सावकाश बघा साहेब, सुरुवातीला आम्हालाही जमत नव्हतं.” शेवटी त्यांनी ‘कारण’चं स्वतःचं वाक्य लिहिलं: पट्ट्या निघाल्या नाहीत, कारण सुतार मिळत नाही. घडीवालीने विचारलं, “ताई, याला खूण करायची का?” मी म्हटलं, थांब, आधी खरं आहे का ते तपासू. मालकांचा चेहरा लाल झाला. म्हणाले, शनिवारपर्यंत सुतार आणून दाखवा, पट्ट्या काढू देतो. नाही आणलात तर फळाही पुसायचा आणि वर्गही बंद. मी लगेच हो म्हटलं.

आई म्हणते, माफी मागून मोकळी हो. नाही मागणार. माफीचं वाक्य मला करता येतं, चांगलं करता येतं, पण ते खरं होणार नाही.

मामीला नमस्कार.

तुमची भाची

ता. क. – इथले तिन्ही सुतार मालकांसाठी धुतलेले कपडे पाठवायचे खोके बनवतात, म्हणून एकही यायला तयार नाही. तुम्हीही त्यांचेच खोके बनवता, ते काम कदाचित जाईल, हे मला कळतं. कळूनच लिहिते आहे. खिळे उपटायची हातोडी तेवढी आणा. पट्ट्या मी उचलीन, तुम्हाला वाकावं लागणार नाही.

ता. क. दुसरा – मोठ्या मावशी सांगतात की चौदा वर्षांपूर्वी काच फुटली, तेव्हा नवी येईपर्यंत म्हणून त्या पट्ट्या तुम्हीच ठोकल्या होत्या. काम फार मजबूत आहे, असंही त्या म्हणाल्या. मी ते कौतुक म्हणून कळवत नाही.

ता. क. तिसरा – आजच्या शब्दांत ‘होकार’ होता. नमुना म्हणून मी फळ्यावर लिहिलं: माझ्या सुतार मामांनी शनिवारी यायला होकार दिला आहे. सगळ्यांनी वहीत उतरवून घेतलं, घाबरट बाईने तर दोनदा. नियम मीच केलेला आहे आणि तो मी माझ्यासाठी बदलणार नाही. हे पत्र खोके न्यायला येणाऱ्या गाडीवाल्याकडे दिलं आहे. तो तुमच्या दारात थांबलेला असेल, त्याच्याचजवळ सांगा, म्हणजे वाक्य आजच्या आज खरं होईल.