बिबट्याचा रिकामा रकाना

१८ नोव्हेंबर
पोचलो एकदाचा! जुळे सोलापुरातल्या आमच्या फ्लॅटच्या डोक्यावर फरश्या फोडण्याचा यज्ञ चालू आहे, आणि संपादकबाईंना मुलांच्या ज्ञानकोशासाठी ‘आशियातील रानमांजरे’ महिनाअखेर हवी आहेत. म्हणून उजनीच्या पाण्याकाठी चनबसप्पांच्या मळ्यातली ही खोली घेतली. तिन्ही बाजूंनी ऊस, डोक्यावर पत्रा, खिडकीला गज. मोरीला दाराऐवजी पडदा आणि मोरीच्या बाहेरच्या भिंतीत वर हवेसाठी हातभर भोक. त्यातून उजेडाचा चौकोन पडद्यावरून थेट माझ्या टेबलावर पडतो. एवढी सोय कालिदासालाही नसावी. चनबसप्पांनी विचारलं, गुरुजी, मांजरावर लिवायला सोलापूरहून माणूस लागतो व्हय? मी म्हटलं, मांजरांना सवड नसते.

१९ नोव्हेंबर
तक्ता आखला : नाव, वजन, अधिवास. हिमबिबट्या : बर्फाळ कडे. मनूल : मध्य आशियातली थंड, उजाड मैदानं, चेहरा आमच्या निवृत्त मुख्याध्यापकांचा. वाळूमांजर : वाळवंट; आठवडेच्या आठवडे पाणी न पिता काढतं. नळाची वाट बघणाऱ्या सोलापूरकराला त्याचं काय कौतुक! मासेमार मांजर : खारफुटी आणि दलदल. वाघाटी : आपल्याकडची, जगातली सगळ्यात लहान, भरल्या वयात जेमतेम दीड किलो.
बिबट्यापाशी अडलो. संस्कृतात त्याला द्वीपिन् म्हणतात, म्हणजे अंगावर बेटं बाळगणारा. पण तो राहतो कुठं? ‘सगळीकडे’ लिहिलं तर संपादकबाई मानधन कापतील. रकाना रिकामा ठेवला.
डबा शिवबाई आणतात. पलीकडच्या वस्तीवरून, उसातल्या पायवाटेनं. ऊसतोडणीच्या टोळीतही त्याच पुढे. मी एक भाकरी खाल्ली तर म्हणाल्या, एवढ्यावर लिवायला शाई तरी उतरंल का?

२१ नोव्हेंबर
आज भाग्य फळफळलं. तोडणी चालू असताना शेजारच्या शेतातल्या उसाच्या शेवटच्या पट्ट्यात दोन पिल्लं सापडली. कोयते जागच्या जागी थांबले. इथली रीत अशी की तेवढा पट्टा उभा ठेवायचा, पिल्लं केळीच्या क्रेटमध्ये घालून सापडली तिथंच ठेवायची आणि सगळ्यांनी निघून जायचं. आई येऊन नेते. सकाळी क्रेट रिकामं दिसलं, तरच पुन्हा कोयता.
शिवबाई म्हणाल्या, बिबट्याची हायत. मी पुस्तक उघडून दाखवलं. ठिपके बघा, आकार बघा : ही वाघाटीची. लोक नेहमी घोटाळा करतात, असं छापलेलंच आहे. त्यांनी पुस्तकाकडे बघितलंसुद्धा नाही. पुस्तकाला आई न्हाय गुरुजी, ह्यास्नी हाय, म्हणाल्या. टोळी हसली. मला ते फारसं रुचलं नाही.
फोटोसाठी त्यातलं एक पिल्लू घटकाभर मागून घेतलं. दिवस मावळायच्या आत क्रेटमध्ये ठेवीन, असा शब्द दिला. त्यांनी तो माझ्याकडून दोनदा वदवून घेतला.

२२ नोव्हेंबर
ठेवलं नाही. उजेड चांगला नव्हता, आज पुन्हा फोटो काढू म्हटलं. पुठ्ठ्याच्या खोक्यात झोपलंय, वातीनं शेळीचं दूध पितं. सकाळी क्रेट रिकामं. शिवबाईंनी विचारलं, दुसरं ठेवलंवतं न्हवं? मी म्हणालो, हो तर.
माझ्या शब्दावर दुपारी पट्टा तोडला. आता परत ठेवायला ती जागाच नाही.

२३ नोव्हेंबर
मासेवाल्याकडून ताणकाटा आणून पिल्लू तोललं. दोन किलो. अजून दुधावर आहे, दात दुधाचे आणि वजन दोन किलो. तक्त्यात वाघाटीपुढचा दीडचा आकडा मी स्वतःच्या हातानं लिहिलाय.
दारापुढच्या धुळीत पंजे उमटलेत. माझा तळहात त्यात मावला.
उद्या शिवबाईंना सांगतो. त्या हसतील, टोळीला सांगतील. हसू देत.

२४ नोव्हेंबर
त्या डबा घेऊन आल्या, गेल्या. सांगितलं नाही. उसाकडे बघून एवढंच म्हणाल्या की आज पाखरू बोलंना. पण दोन्ही पिल्लं नेली की ती ह्या रानात थांबत न्हाय, भ्याचं कारण न्हाय. आणि त्याच पायवाटेनं निघाल्या.
मी दारात उभा होतो. हाक मारता आली असती.

२५ नोव्हेंबर, दुपार
डबा आला नाही. मग चनबसप्पांचा फोन. पायवाटेवर डबा सांडलेला, पुढं लुगड्याचा पदर, पुढं शिवबाई. श्वास चालू आहे. सोलापूरला नेलंय. गाडीत एकच विचारत होत्या, गुरुजींनी पिल्लू ठेवलंवतं न्हवं?
चनबसप्पा उत्तरासाठी थांबले. ठेवलं होतं, म्हणालो.

२५, चार वाजता
पत्र्यावर पावलं. सावकाश. या टोकापासून त्या —
खोक्यातून पिल्लू ओरडलं. वरून उत्तर आलं.

२६ नोव्हेंबर, सकाळ
फोन करून खरं सांगितलं. चनबसप्पा म्हणाले की शिवबाई रातीच गेली. माझ्या आईनं तिला धाकटी भन मानलंवतं. आता क्रेट तुमीच ठिवा. फॉरेस्टवाल्यांचा पिंजरा उद्या येईल. त्याआधी तितं कुणी येनार न्हाय. आमी कुनाला धाडनार न्हाय.
फोन ठेवला. पुन्हा लावला. उचलत नाहीत.

दहा वाजता
पिल्लू हातात घेऊन दारापाशी गेलो. कडीला बोट लावलं की पलीकडे धाप. बोट काढलं की शांत. तिला कडी कळते.
तीन वेळा.

बारा
मोरीच्या भोकातून पिल्लू बाहेर सोडावं. एवढंच राहिलंय. बादली पालथी घालून हात पोचेल. शिवबाई, ठेवतो. शब्द दिला होता —

सव्वाबारा
पिल्लू गप्प झालंय. कान मोरीकडे. धापही नाही, पत्राही वाजत नाही. गेली असेल.
टेबलावरचा उजेडाचा चौकोन —
भर दुपारी विझला कसा —

मोरीत बादली पडली.

बिबट्या. अधिवास : डोंगर, माळ, ऊस, केळी, पायवाट, पत्रा, मोरी, पडद्याच्या अली—